सिंधूच्या नावची फीस

नांदेड
९ फेब्रुवारी १९८६

माय,

तुझ्या सिंधूचा नमस्कार. आपला धाकटा नरसिंग पुण्याकडं कामाला गेल्याचं कळलं. रानात काम न्हाई, आडात पाणी न्हाई, पोरगं बसून तरी काय करणार. त्याची काळजी मला न्हाई, त्याला हातपाय हायत. काळजी ही की माझी पत्रं आता तुला वाचून कोण दाखवणार. मी इथं बसल्या जागी सगळी गल्ली डोळ्यापुढून नेली. मास्तर बदलून गेले. पोस्टमन वाचतो, पण अर्धं गिळतो आणि उरलेलं गावाला सांगतो. मग राहिलं कोण? गुरुलिंगप्पाची जगदेवी.

म्हणजे हे पत्र आता जगदेवीच्या तोंडून तुझ्या कानावर पडणार. पडू दे. लग्नापासून ती माझ्याशी बोलत न्हाई, मी तिच्याशी न्हाई. आता माझंच बोलणं तिला स्वतःच्या तोंडानं बोलावं लागणार, बरी जिरली. माय, तू कान देऊन बस. वाचता वाचता ती खोकली की समज, ओळ गाळली. जगदेवी, हे बी मोठ्यानं वाच.

आता कामाचं. पेपरात जाहीर सूचना आलीय. तुला आठवतं ना, लग्नाआधी मी आणि या वाचणारीनं कचेरीतल्या क्लार्कच्या परीक्षेचा अर्ज भरला होता? आपलं लातूर तवा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. परीक्षा आठवड्यावर आली आणि लातूर वेगळा जिल्हा झाला. जागांची वाटणी व्हायची म्हणून परीक्षा रद्द. गावात गुलाल उडत होता, लोक पेढे वाटत होते, आणि आम्ही दोघी गुरुलिंगप्पाच्या आडतीत तोंड पाडून बसलो होतो. त्या परीक्षेची फीस आता सरकार वापस देणार हाय. चार वर्षांनी! सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतेत, पण सहा महिन्यांची बी काही हद्द असती.

तुझा जावई म्हणला, एवढ्याशा फीसपायी कशाला लातूरला कागद नाचवती. मी म्हणले, तुम्हाला न्हाई कळायचं. ती फीस आबानं भरली होती. मुरुडच्या रस्त्यावर रोजगार हमीची खडी फोडली, आणि पगार झाला तसा घरी बी न येता थेट पोस्टात गेला. पोस्टल ऑर्डर पटक्यात खोचून आला. तू विचारलंस, "अहो, मीठ-मिरची?" तर म्हणला, "आधी पोरीची खुर्ची." आपल्या घरात तवा बसायला पाट बी धड नव्हता. आबा आता न्हाई. त्याचा घाम सरकारजमा राहू द्यायचा न्हाई, माय. फीस घेणार आणि तुझ्या हातावर ठेवणार. मला त्यातलं काही नको.

अर्ज आजच टाकते. पाण्याचं कसं चाललंय ते कळव. इथं टँकर येतो, त्याच्यामागं आम्ही बाया पळतो. गोदावरी उशाला असून ही गत.

तुझी
सिंधु


नांदेड
२ मार्च १९८६

माय,

पत्र पावलं. तुझं बोलणं आणि जगदेवीचं अक्षर. पाकीट हातात घेतलं आणि लगेच ओळखलं, तेच अक्षर, 'र'ला तीच शेपटी. तू लिहायला सांगितलंस, "तब्येत सांभाळ, उन्हाचं डोक्यावर पदर घेऊन टँकरला जात जा." आणि तिनं खाली आपल्या मनानं ओळ जोडली, "लिहिणारीचं काही म्हणणं नाही." वा गं वा! काही म्हणणं न्हाई तर शाई कशाला घालवली?

तू विचारलंस, अर्ज कोणत्या नावानं केला. तोच तर घोळ हाय. सूचनेत लिहिलंय, फीस ज्याच्या नावची त्यालाच मिळंल. फीस कु. सिंधु लिंबाजी पवळे हिच्या नावची. आणि मी झाले सौ. कावेरी भुजंग इंगोले. जगदेवी लग्नाला आली न्हाई, म्हणून तिला नाव बदलल्याची गंमत ठाऊक न्हाई. ऐक म्हणावं. तुझ्या जावयानं ताटात तांदूळ पसरले, अंगठीनं 'सिंधु' लिहायला घेतलं, पहिलंच अक्षर काढलं तशा सासूबाई, आमच्या आत्याबाई, ओरडल्या, "आरं थांब! एक सिंधु घरात हाय की!" मोठ्या जाऊबाईंचं नाव बी सिंधुच. एका घरात दोन सिंधु झाल्या तर हाक कुणाला आणि ओ कुणाची? मग भटजी म्हणले, नदीच्या जागी नदीच द्या. तांदूळ पुसले, कावेरी लिहिलं. सगळे हसले. मी बी हसले, माय. सासरी पहिल्या दिवशी हसावंच लागतं.

रात्री नाव आठवून रडले, ते मात्र तुला आज सांगते.

तर मी अर्ज दोन्ही नावं घालून केला. आधीची ही, आताची ही, बाई एकच. बघू.

या निमित्तानं लई काय काय आठवून राहिलंय. ती आडतीतली माळवदाखालची वरची खोली. चहूकडं गुळाच्या ढेपा, आणि मधी आम्ही दोघी सामान्यज्ञान घोकत. पुस्तकाला मुंग्या लागायच्या. एकदा तर पंतप्रधानांच्या पानावरून मुंग्यांची रांगच निघाली, आणि जगदेवी म्हणती, "मोर्चा आलाय, उद्या वाचू." गुरुलिंगप्पा काका खालून विचारायचे, "पोरींनो, अभ्यास चाललाय का गूळ?" आम्ही तोंड पुसून म्हणायचो, "अभ्यास!" त्या गुळाच्या वासानं डोकं जड व्हायचं, पण पाठांतर असं व्हायचं की आज बी झोपेत विचारलं तर सांगीन.

आणि आबाची परीक्षा! त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण एक सवाल त्यानं कुणाकडून तरी शिकून घेतला होता. रानातून आला की पायसुद्धा न धुता विचारायचा, "महाराष्ट्रात जिल्हे किती, सांगा गं." पुस्तकात सव्वीस छापलेले. आम्ही सव्वीस म्हणायचो. मग मास्तरांनी सांगितलं, जालना आणि सिंधुदुर्ग नवे झाले, अठ्ठावीस म्हणा. आबा किती खूश, पोरीच्या नावचा जिल्हा झाला! साऱ्या पारावर सांगून आला. अठ्ठावीस पक्कं केलं, तवर आपलं लातूर झालं, पाठोपाठ गडचिरोली. आकडा काही एका जागी थांबंना. आणि परीक्षा रद्द झाली तवा आबा मला कोपऱ्यात घेऊन हळूच म्हणला, "सिंधे, तुम्ही जिल्हे चुकीचे पाठ केले म्हणून तर न्हाई ना गं बंद केली?" मी लई समजावलं. त्याला शेवटपर्यंत पटलं न्हाई.

जगदेवी, तुला हसू आलं असंल तर हस. मायसमोर हसायला तुला कुणी मना केलं न्हाई.

तुझी
सिंधु


नांदेड
२६ मार्च १९८६

माय,

आज माझं डोकं ठिकाणावर न्हाई. कचेरीचं उत्तर आलं. जसंच्या तसं उतरून देते, म्हणजे वाचणारीला घरबसल्या आपलीच करणी वाचायला मिळंल.

"आपल्या अर्जातील नावात तफावत असल्याने अर्जदाराची ओळख पटत नाही. सबब फी परत करता येत नाही. पुराव्यासह पुन्हा अर्ज करावा."

आणि खाली सही कुणाची? ज. गु. बिराजदार, कनिष्ठ लिपिक. म्हणजे तुझ्यासमोर मांडी घालून हे पत्र वाचून राहिली ती. मला ठावं होतं की तिला लातूरच्या त्याच कचेरीत नोकरी लागलीय, मुरुडहून रोज जाती-येती, पण फीसचं टेबल तिच्याकडं असंल असं सपनात बी आलं नव्हतं.

वाच, जगदेवी, वाच! थांबू नको. चौथीपासून माझ्या बाकावर बसली. माझ्या डब्यातलं खाल्लं आणि तुझ्या डब्यातलं मला कधी दिलं न्हाई. नदीवर माझा पाय घसरला तवा माझी वेणी धरून मला वर ओढलं, त्या वेणीचे केस अजून दुखतेत. माझ्या गालावरचा देवीचा वण तुला ठाऊक, मला गणितात कुठं अडतं ते ठाऊक. आणि तू लिहिती, ओळख पटत न्हाई! अगं, कचेरीतल्या साऱ्या लोकांना पटली नसती तरी चाललं असतं. तुला पटत न्हाई?

माय, आता तूच न्याय कर. रुसवा कशाचा, तेही आज मांडते, तिच्या तोंडूनच ऐक. लग्न ठरलं तवा ती आपल्या परसात आली. म्हणाली, "वरीसभर थांब. परीक्षा पुन्हा निघंल. दोघी बसू." मी म्हणले, "मी थांबीन, पण आबा थांबंल का?" त्याच्या छातीचं दुखणं तुला ठाऊक हाय, रोज खोकून खोकून अर्धा झालेला. एकच म्हणायचा, डोळ्यादेखत अक्षता पडू द्या. त्याला मी काय सांगणार होते, जिल्ह्यांचा आकडा ठरंपर्यंत थांब म्हणून? तर ही म्हणाली, "मग बस भाकरी थापत. आणि माझ्याशी बोलू नको." गेली ती गेली. पुढं तिला रोजगार कचेरीच्या यादीतून नोकरी लागली, मला नांदेड लागलं. आबा गेला तवा आली, तुझ्याजवळ बसली, तुझे डोळे पुसले. माझ्याकडं बघितलं सुद्धा न्हाई. मी बी बघितलं न्हाई, सारखीला वारखी.

पण आपसातल्या रुसव्याचा राग कुणी आबाच्या कष्टाच्या पैशावर काढती का? हे बरं न्हाई, जगदेवी. आबा तुला "माझी दुसरी पोर" म्हणायचा. खडी फोडून आला की खिशातले फुटाणे दोघींना सारखे वाटायचा.

मी वकिलाकडून कागद करून घेते. सिंधु तीच कावेरी, असा. तहसीलच्या शिक्क्यानिशी पाठवते. बघू तरी आता काय पटत न्हाई.

तुझी
सिंधु


नांदेड
१३ एप्रिल १९८६

माय,

तुझं पत्र आलं. तू सांगितलेलं तिनं शब्दाला शब्द लिहिलंय, इतकं खरं की वाचताना मलाच कसंतरी झालं. "जगदेवीनं तुझं पत्र सगळं वाचलं. एक शिवी गाळली न्हाई. वेणीपाशी आली तवा तांब्याभर पाणी पिली आणि पुन्हा वाचलं. चहा ठेवला होता, तो घेतला न्हाई. पायात चप्पल न घालताच घरी गेली. पोरी, तुम्ही दोघी मला मधी घालून का भांडून राहिल्या? मला वाचता येत न्हाई, पण मला सगळं दिसतं." आणि खाली पुन्हा तेच, "लिहिणारीचं काही म्हणणं नाही."

म्हणणं न्हाई, पण करणं हाय! शिक्क्याचा कागद पाठवला, त्यावर नवी खोड काढली. म्हणे मूळ अर्जात जिल्हा उस्मानाबाद, जन्मगाव आता लातूर जिल्ह्यात, राहणं नांदेड जिल्ह्यात, तरी कोणत्या जिल्ह्याच्या रहिवासी ते स्पष्ट करावं. म्हणजे जिल्हा सरकारनं फोडला, आणि स्पष्ट मी करायचं! मी का कुदळ घेऊन गेले होते हद्द पाडायला?

तुझा जावई हसून हसून बेजार. म्हणतो, "कावेरी, सोड आता. तुझी मैत्रीण सरकारापेक्षा भारी हाय." मी म्हणले, मैत्रीण म्हणू नका. तर म्हणतो, "दुश्मन इतकं ध्यान ठेवून कागद वाचत न्हाई." पुरुषाच्या जातीला काय कळतंय.

मी आता समक्ष जाणार हाय. शेवटच्या आठवड्यात. लोहा, अहमदपूर करीत एसटीनं लातूर, कचेरी, आणि तिथून सांजच्याला तुझ्याकडं मुरुडला मुक्कामाला. पुरणपोळी करू नको, गूळ महाग झालाय. आंबील कर. आणि वाचणारीला सांग, मी येतीय. टेबल पुसून ठेव म्हणावं.

तुझी
सिंधु


नांदेड
४ मे १९८६

जगदेवी,

हे पत्र तुलाच. मायच्या पत्त्यावर न्हाई, तुझ्या पत्त्यावर टाकलंय. कितीदा तरी "माय" असं लिहून खोडलं, सवयच लागली होती तिच्या आडून बोलायची.

त्या दिवशी कचेरीच्या व्हरांड्यात तू सगळं सांगितलंस. एसटीची वेळ झाली म्हणून निघाले. तुला मनातलं काही बोलले न्हाई, म्हणून आता लिहिते. तुला ठाऊक असलेलंच लिहिणार हाय, पण माझ्या बाजूनं कसं झालं ते तुला ठाऊक न्हाई.

मी आले तीच भांडायला आले होते. गाडीत साऱ्या वाटंनं वाक्यं जुळवत होते. लोह्यापासून अहमदपूरपर्यंत तुझा बाप काढला, पुढं चाकूरपर्यंत तुझी नोकरी. दोन्हीकडं रानं अशी उघडी पडलेली, जनावरं छावणीला गेलेली, आणि माझ्या मनात तू. कचेरीत शिरले. तू टेबलावर. अगं, तू चष्मा लावलास! ते मला कुणी सांगितलं न्हाई. माझी सगळी वाक्यं तिथंच विसकटली. आणि तू वर न बघता म्हणलीस, "तुमचं नाव?" तुमचं! माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. मी अशी ओरडले की तुमचे साहेब खोलीतून बाहेर आले.

साहेबांनी कागद बघितले. "प्रतिज्ञापत्र आहे, शिक्का आहे, बाई समोर आहेत. बिराजदार बाई, आणखी काय पाहिजे तुम्हाला? द्या यांची फी." तुझा चेहरा एकदम उतरला. मला वाटलं, हरली. मला लई आनंद झाला, खोटं कशाला सांगू. तू पावती पुढं सरकवलीस आणि म्हणलीस, "वाचून सही करा." मी म्हणले, "मला वाचता येतं. तुझ्यासंगंच शिकले." तू पुन्हा म्हणलीस, "बाई, वाचून करा." मी तिरीमिरीत पेन उचललं आणि न वाचता सही ठोकली.

तू पावती उचललीस. बघत राहिलीस. मग तुझे ओठ हलायला लागले, रडती का हसती ते मला कळंना. उठून साहेबांकडं गेलीस आणि साऱ्या कचेरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणलीस, "सही जुळत नाही, साहेब. पावती सिंधूच्या नावची. सही कावेरीची."

जगदेवी, मी त्या कागदाकडं बघितलं. वळणदार अक्षरात, कावेरी भुजंग इंगोले. सिंधु मीच, असं सांगायला इतक्या लांबून भांडत आले, वकील केला, तहसीलचे जिने झिजवले, आणि माझ्या हातानं सही केली कावेरीची. हाताला विचारलं सुद्धा न्हाई. राशन घेताना, लेकराला दवाखान्यात नेताना, जिथं तिथं तेच गिरवून गिरवून हात तिचा झालाय. तुला ओळख पटत न्हाई म्हणून मी आकाशपाताळ एक केलं. अगं, मलाच पटली न्हाई.

साहेब वैतागले, पावती फाडली, पुढच्या आठवड्यात या म्हणले. मी बाहेर आले तर तू मागून धावत. अनवाणीच. तुला चप्पल घालायचं भान कधी येणार? "बये!" म्हणलीस. तीन वर्षांनी. आणि मग माझा दंड धरून दम लागेपर्यंत बोललीस. तुझं बोलणं माझ्या कानात अजून तसंच हाय. "फीस घेतली की उमेदवारी मेली. सहीच्या वर बारीक अक्षरात तेच लिहिलंय, आता माझा हक्क राहिला न्हाई म्हणून. ज्यांनी फीस घेतली न्हाई त्यांचीच परीक्षा घ्यायचा हुकूम निघायलाय. मसुदा मीच टाईप केलाय. निघायच्या आधी बोलले असते तर नोकरी गेली असती. तू नांदेडची झालीस, दुसऱ्या कुठल्या वाटंनं तुला इथं बसता येणार न्हाई. मग मी काय करू? म्हणले, ओळख पटत न्हाई. पटली असती तर त्याच दिवशी तू संपली असतीस."

मी म्हणले, पत्रात खूण तरी करायची. तर तू म्हणलीस, "तुझ्याशी बोलायचं न्हाई असं मी ठरवलं होतं ना." किती गं तू हट्टी! मी तिथंच तुला मारायला हवं होतं. तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला हवं होतं. दोन्हीतलं काहीच केलं न्हाई, गाडी धरली.

मुरुडला मायला सगळं सांगितलं. वाटलं, ती म्हणंल पैसे कुठं हायत. ती जात्यापाशी बसली होती. म्हणाली, "तुझ्या बापानं पैसे वापस यायला दिले नव्हते, पोरी. तू बसावी म्हणून दिले होते." इतकंच बोलली आणि दळायला लागली. मी आबाचा घाम, आबाचा घाम म्हणत होते, आणि तोच घाम पुसून टाकायला निघाले होते. तू मधी आडवी पडली नसतीस तर पुसलाच असता.

हुकूम काल पेपरात आला. जूनच्या बावीस तारखेला, रविवारी, लातूरला. घरात विषय काढला. आत्याबाई म्हणल्या, "लग्न झालेल्या बाईला कसली परीक्षा? पाणी कोण भरणार?" मी म्हणले, "आत्याबाई, फीस तर भरलेली हाय. वापस काही मिळंना." तशा त्या बोटांवर हिशेब करत बसल्या. जरा वेळानं म्हणतेत, "भरलेली फुकट कामून घालवायची? ये देऊन." भुजंग आतल्या खोलीत तोंडात रुमाल कोंबून हसत होते. पास झाले तर पुढं काय, लातूर का नांदेड, लेकराचं कसं, ते कुणी विचारलं न्हाई आणि मी बी सांगितलं न्हाई. भीती वाटती, पण पुढचं पुढं.

पुस्तकं तुझ्याकडं असतील तर मायच्या घरी आणून ठेव, मी पंधरा दिवस आधी येते. मुंग्यांनी काही शिल्लक ठेवलंय का बघ. टायपिंगचा हात गेलाय, तो तुझ्या मशीनवर सुट्टीच्या दिवशी करून घेऊ, साहेबांना विचारून ठेव.

आणि एक काम हाय, ते तुझ्याबिगर कुणाच्यानं व्हायचं न्हाई. त्या दिवशीची सही बघितल्यापासून माझ्या मनात एकच धास्ती बसलीय. इथं घरात कुणी "सिंधु" म्हणून हाक मारली की मोठ्या जाऊबाई ओ देतेत, आणि मी मान खाली घालून भाकरी थापत राहते. मला वाटत सुद्धा न्हाई की हाक मला असंल. परीक्षेच्या दारात शिपाई नावं पुकारणार. "सिंधु लिंबाजी पवळे" म्हणंल, एकदा म्हणंल, दोनदा म्हणंल, आणि मी दुसऱ्याच कुणाचं नाव समजून तिथं उभी राहीन, जगदेवी. तो पुढचं नाव घेईल.

म्हणून त्या दिवशी रजा काढ. माझ्या शेजारी उभी राहा. नाव आलं की कोपर मार, चिमटा काढ, वाटल्यास वेणी ओढ. पण मला ओ द्यायला लाव.

तुझी
सिंधु